मदत हवी आहे: मराठी टंकताना कर्सर पळतो, रीएजंट सोडून हेलिक्स घ्यावं की यूआयएक्स?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लातूरच्या एका आडत दुकानासाठी मी वेब ॲप लिहिलंय. मालाचं वजन, सौद्यात निघालेला भाव, ओलावा, हमाली, तोलाई भरली की शेतकऱ्याची हिशेबपट्टी तयार. सगळं क्लोजरस्क्रिप्टमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होणाऱ्या भाषेत आहे. बिल्डला शॅडो-सीएलजेएस, स्क्रीन रंगवणाऱ्या रिअ‍ॅक्टवर क्लोजरस्क्रिप्टचा रॅपर रीएजंट, डेटा रीफ्रेम या लायब्ररीच्या डीबीमध्ये (ॲपच्या सामायिक साठ्यात) आणि फॉर्मची खोकी मटेरियल यूआय या तयार घटकांच्या संचातली. घटक, म्हणजे स्क्रीनचे सुटे तुकडे, साधारण 40 असतील.

अडचण गावाच्या नावात येते. मुनीमजींनी ‘शिरुर अनंतपाळ’ टाइप केलं. मधला ऱ्हस्व उकार खोडून दीर्घ करायला गेले, तर खोडल्याबरोबर कर्सर शेवटी गेला आणि नवा ऊकार ‘ळ’ला चिकटला: ‘शिरर अनंतपाळू’. रोमन लिपीत एखादं अक्षर शेवटी गेलं तर निदान वेगळं दिसतं. आपल्याकडे काना-मात्रा भलत्याच अक्षराला लागते आणि तेच पट्टीवर छापलं जातं. शेतकऱ्याच्या हातात चुकीच्या नावाचा कागद द्यायला मला मनापासून वाईट वाटतं.

शोधाशोध केल्यावर एवढं कळलं की रीएजंट बदल लगेच दाखवत नाही, पुढच्या ॲनिमेशन फ्रेमपर्यंत थांबतो. तोवर रिअ‍ॅक्ट खोक्यात जुनी किंमत परत घालतं, मग नवी येते, आणि त्यात कर्सर पळतो. रीएजंटने स्वतःच्या साध्या इनपुटसाठी यावर तोडगा ठेवलाय, पण मटेरियल यूआयच्या आतल्या इनपुटपर्यंत तो पोचत नाही.

म्हणून रॅपरच बदलावा असं मनात आलं. रीएजंट हा 2019 मध्ये रिअ‍ॅक्ट 16.8 बरोबर हुक्स (साध्या फंक्शनमध्येच स्थिती ठेवायची सोय) आले त्याच्या आधीचा. त्याचे घटक अजूनही मुळात क्लास घटक होतात, हुक वापरायचा तर त्या त्या ठिकाणी वेगळी खूण करावी लागते किंवा सेटिंग बदलावी लागते. हेलिक्स आणि यूआयएक्स हे तसेच दुसरे रॅपर, पण दोन्ही थेट हुक्सवर उभे आहेत. दोन्हींत डॉलर चिन्हाच्या, कंपाइल होतानाच चालणाऱ्या मॅक्रोने एलिमेंट बनतं, म्हणजे ब्राउझरमध्ये हिकपची (रीएजंटमध्ये स्क्रीनची मांडणी लिहायच्या पद्धतीची) व्हेक्टर चाळत बसण्याचं काम वाचतं. दुकानातले मोबाइल साधे आहेत, त्यामुळे मला याचं मोल आहे. पण हिकप वाचायला जितकं स्वच्छ वाटतं तितकं हे वाटत नाही, हेही खरं.

दोन्हींपैकी काय घ्यावं? आणि 40 घटक एकदम बदलायचे का? तुरीचा हंगाम तोंडावर आहे, ॲप बंद ठेवता येणार नाही.

कोरडवाहू

दादा, हे दुखणं मीही काढलंय. आधी एक बघा: त्या खोक्याची किंमत येते कुठून? रीफ्रेमच्या सबस्क्रिप्शनवरून, म्हणजे डीबीतून येत असेल तर यूआयएक्स घ्या नाहीतर हेलिक्स, कर्सर पळणारच. कारण रीफ्रेमचा डिस्पॅचसुद्धा (डीबीकडे बदल पाठवणं) लगेच चालत नाही, इव्हेंट रांगेत लागतो. एक उशीर काढाल आणि दुसरा तसाच राहील.

टंकताना मजकूर त्या घटकाच्याच यूज-स्टेट या हुकमध्ये ठेवा आणि खोक्याबाहेर पडल्यावर, म्हणजे ब्लरला, रीफ्रेमकडे पाठवा. हुकची स्थिती त्याच इव्हेंटमध्ये बदलते, म्हणून कर्सर जागेवर राहतो. प्रत्येक अक्षर डीबीत हवंच असेल तर रांगेत न लागणारा डिस्पॅच-सिंक आहे, पण गावाच्या नावाला त्याची गरज नाही.

दोन्हींत मी यूआयएक्स घेईन. तुमचं घर रीफ्रेमवर आहे आणि त्यात रीफ्रेमच्या सबस्क्रिप्शनसाठी हुक तयार मिळतो. शिवाय यूज-इफेक्ट या हुकच्या यादीत एखादं अवलंबन (ज्यावर तो अवलंबून आहे अशी किंमत) राहिलं तर यूआयएक्सचा लिंटर, म्हणजे चुका शोधणारं साधन, कंपाइल होतानाच सांगतो. हेलिक्स आकाराने छोटं आणि नेटकं आहे, त्यात अवलंबनं आपोआप ओळखायची सोय आहे. नव्याने, रीफ्रेमशिवाय सुरुवात असती तर मी तेही सुचवलं असतं. फक्त रीएजंट काढल्याने बंडल (ब्राउझरमध्ये उतरणारी फाइल) हलकं होईल ही आशा ठेवू नका. रीफ्रेम स्वतःच रीएजंटवर चालतो, तो आत राहणारच.

एकदम बदलायची अजिबात गरज नाही. यूआयएक्सचं एलिमेंट हे शेवटी रिअ‍ॅक्टचंच एलिमेंट, ते रीएजंटच्या हिकपमध्ये तसंच बसतं. उलट बाजूने, म्हणजे यूआयएक्समध्ये रीएजंटचं हिकप बसवायला, रीएजंटचं ॲज-एलिमेंट वापरा. आधी फक्त टंकायची खोकी बदला, बाकी हंगाम संपल्यावर.

मांजराकाठ

दादा, तुमचं बरोबर निघालं. माझी सगळी खोकी सबस्क्रिप्शनवरच होती. काल रात्री गावाचं खोकं यूआयएक्समध्ये लिहिलं आणि मुद्दाम आधी डिस्पॅच तसाच ठेवून पाहिला, तर कर्सर पळाला. मग यूज-स्टेट आणि ब्लर केलं, आणि ‘शिरुर’चं ‘शिरूर’ जागच्या जागी झालं. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरही तपासलं.

एक गोष्ट मात्र नवी समोर आली. मुनीमजी नाव टंकून थेट एंटर दाबतात, तेव्हा ब्लर होतच नाही आणि पट्टीवर जुनं नाव जातं. म्हणून फॉर्म जमा होतानाही तीच किंमत पाठवायची सोय केली. अशी सहा खोकी आहेत, आज उरलेली पाच करतो. सोमवारी सौदा निघायच्या आत दुकानात टाकायचं आहे.