मदत हवी आहे : कॉम्प्युटरला व्हायरस, फोटो उघडत नाहीत, अर्जंट

बोरीकाठ (सोमवार, रात्री ९:४०)
घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय. फोटो उघडत नाहीत, बाकीच्या फायलींचंही तेच. अँटीव्हायरस टाकायला गेलो तर त्यांची साइटच उघडत नाही. बाकी नेट झकास चालू आहे. कोणतं सॉफ्टवेअर टाकू तेवढं फक्त सांगा. शुक्रवारी आखाजी (अक्षय्य तृतीया) आहे, त्याच्या आत पाहिजे. 'गुगल करा' म्हणू नका, करून झालंय.

खटपट्या (९:४८)
फॉरमॅट. दुसरा विचार करूच नका. सी ड्राइव्ह उडवा, विंडोज नव्याने टाका, तास-दीड तासात मोकळे. मी दर आखाजीला आणि दर दिवाळीला घरचं मशीन फॉरमॅट करतो, आजवर व्हायरस बघितला नाही. भुसावळच्या उन्हात मशीन टिकतं ते त्यामुळेच.

बोरीकाठ (९:५१)
फोटो डी ड्राइव्हला आहेत. ते राहतील ना?

खटपट्या (९:५२)
डी ला काही होत नाही. बिनधास्त.

शिरपूरची_लेक (९:५५)
दादा, थांबा! अजून काहीच फॉरमॅट करू नका. आधी नेट तोडा आणि पेनड्राइव्ह वगैरे लावला असेल तर काढून घ्या. इथे मोबाइलवरून लिहा.
आता सांगा, फोटो उघडायला गेलं की नक्की काय होतं? फाइलच्या नावाच्या शेवटी काही नवीन चिकटलंय का? फोल्डरमध्ये तुम्ही न बनवलेली एखादी टेक्स्ट फाइल दिसते का? विंडोज कोणतं? आणि मागच्या दोन-चार दिवसांत काय डाउनलोड केलं?

बोरीकाठ (१०:०३)
ताई, डाउनलोड काहीच केलेलं नाही. विंडोज १० आहे, ओरिजिनल, दुकानदारानेच टाकून दिलेलं. फोटोच्या जागी पांढरा कोरा कागद दिसतो. शनिवारी दुपारपर्यंत सगळं नीट होतं.

केळीबाग (१०:०७)
सेम प्रॉब्लेम! सातबारा काढायला झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह लावला, घरी येऊन बघतो तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. केळीच्या हिशोबाची एक्सेल त्यात आहे. मलाही सांगा.

लिनक्सानंद (१०:१५)
विंडोज वापरायचं आणि मग रडायचं. आमच्या घरी बारा वर्षांपासून लिनक्स आहे, बायको-पोरं सगळे वापरतात. एकदाच त्रास घ्या, कायमचे सुटाल.

खटपट्या (१०:१७)
आला. ज्याचं घर जळतंय त्याला हा नव्या घराचा नकाशा दाखवतो.

शिरपूरची_लेक (१०:२२)
केळीबाग, तुमचा प्रॉब्लेम सेम नाही, साधा आहे. तुमचे फोल्डर जागेवरच आहेत, व्हायरसने फक्त लपवलेत आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर मांडलेत. त्यांवर डबल क्लिक करू नका, केलं की तोच पुन्हा चालू होतो. पेनड्राइव्ह डिफेंडरने (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) स्कॅन करा, शॉर्टकट उडवा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब, पुढे मायनस एच, मायनस आर, मायनस एस, मग स्लॅश एस, स्लॅश डी, आणि शेवटी पेनड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटा स्लॅश, स्टार डॉट स्टार. प्रत्येकाच्या मध्ये जागा सोडा. फोल्डर परत दिसतील.
बोरीकाठ दादा, टेक्स्ट फाइलचं सांगितलं नाही तुम्ही.

बोरीकाठ (१०:३१)
हां, एक आहे. 'रीडमी' नावाची, प्रत्येक फोल्डरमध्ये. इंग्रजीत आहे. सुरुवातीलाच 'काळजी करू नका, तुमच्या सगळ्या फायली परत मिळतील' असं लिहिलंय, म्हणून मी कंपनीचंच काही असेल समजून सोडून दिलं. फोटोंच्या नावात जेपीजीच्या पुढे अजून एक डॉट आणि चार अक्षरं लागलीत. त्याला अर्थ काहीच नाही.

शिरपूरची_लेक (१०:३३)
त्याच फाइलमध्ये खाली ९८० डॉलर आणि ७२ तासांत संपर्क केला तर ४९० असं आहे का?

बोरीकाठ (१०:३६)
आहे. तुम्हाला कसं कळलं?

शिरपूरची_लेक (१०:५०)
कारण हे प्रकरण जुनं आहे. रॅन्समवेअर म्हणतात त्याला, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, आणि हे घराणं 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाने ओळखलं जातं. घरगुती कॉम्प्युटरवर ते येतं मुख्यतः एकाच वाटेने, फुकटच्या क्रॅक सॉफ्टवेअरमधून. म्हणून पुन्हा विचारते, काय डाउनलोड केलं?
साइट उघडत नाही त्याचंही कारण हेच. विंडोजमध्ये 'होस्ट्स' नावाची छोटी फाइल असते, हा किडा तिच्यात ओळी घुसवून अँटीव्हायरसवाल्यांच्या साइटचे पत्ते चुकवतो. त्या ओळी काढल्या की साइट उघडेल. पण ते नंतर.

बोरीकाठ (११:०२)
कोरल टाकलं होतं शनिवारी. पण त्याचा काय संबंध? ते तर चालूच झालं नाही. पुण्यस्मरणाचं पत्रक करायचं होतं म्हणून. व्हिडिओत दाखवलं तसंच केलं, आधी डिफेंडर बंद करा म्हणाला, केलं. मग विंडोजचं अपडेट सुरू झालं, खूप वेळ टक्के सरकत होते. म्हटलं होऊ दे, आणि झोपलो.

शिरपूरची_लेक (११:०५)
ते अपडेट नव्हतं दादा. अपडेटची खोटी खिडकी दाखवून मागे तुमच्या फायलींना कुलूप लावणं चालू होतं.

खटपट्या (११:०८)
दारचा कुत्रा बांधून ठेवला आणि चोराला चहा केला. विप्रोच्या गावात राहून ही तऱ्हा!

आबा_फ्लॉपीवाले (११:२०)
खटपट्याराव, विप्रो अमळनेरला सुरू झाली ती १९४५ साली, वनस्पती तुपाची गिरणी म्हणून. कॉम्प्युटरचा तेव्हा पत्ता नव्हता, तेव्हा अमळनेरकरांना दोष नको. त्यांनी शेअर घेऊन ठेवले, तेवढं शहाणपण पुरे आहे.
बाकी व्हायरस आमच्या वेळी पैसे मागत नसत. १९९० च्या सुमारास 'जोशी' नावाचा एक होता, आपल्या भारतातच सापडलेला, फ्लॉपीवरून पसरायचा. ५ जानेवारीला मशीन सुरू केलं की ते अडून बसे आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला लावी. तेवढं केलं की निमूट चालू. आमच्या ऑफिसात एका जोशींवरच संशय घेतला होता, बिचारे चार दिवस डबा एकटेच खात होते.

केळीबाग (११:२४)
ताई, कमांड चालली! फोल्डर दिसले. पण एक्सेल उघडली तर 'अपडेट लिंक्स' विचारतंय, हा व्हायरस का?

शिरपूरची_लेक (११:२६)
नाही. झोपा आता.

बोरीकाठ (मंगळवार, सकाळी ७:१०)
रात्रभर डोळा लागला नाही. जळगावच्या एका दुकानदाराला फोन केला, तो म्हणतो १५ हजारांत सगळं परत, गॅरंटी. देऊ का? हो-नाही एवढंच सांगा.

खटपट्या (७:२५)
देऊ नका. पण ४९० डॉलरपेक्षा स्वस्त पडतंय हे मात्र खरं.

लिनक्सानंद (७:३०)
स्वस्त? चोराला द्यायचे नाहीत आणि त्याच्या दलालाला द्यायचे?

शिरपूरची_लेक (८:१५)
दोघांनाही देऊ नका. हे कुलूप २०१९ च्या ऑगस्टनंतर पक्कं झालंय, त्याआधीच्या प्रकारांसाठी मोफत चावी निघाली होती. आता किल्ली चोराकडेच असते. ती कोणी दुकानात बसून घडवू शकत नाही. गॅरंटी देणारा एक तर चोराशीच घासाघीस करणार, नाही तर तुम्हाला टोलवणार.
एक शक्यता तपासायची राहिली. रीडमीच्या तळाला तुमचा एक लांबलचक आयडी असेल. त्याची शेवटची दोन अक्षरं टी आणि १ आहेत का? असतील तर त्या वेळी व्हायरसला चोराच्या सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही, त्याने स्वतःजवळची ठरलेली किल्ली वापरली. ती कोणाला मिळाली असेल तर एमसिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीच्या मोफत टूलमध्ये सापडते.

बोरीकाठ (८:२१)
नाही. शेवटी एक्स आणि ७ आहे.

शिरपूरची_लेक (८:२४)
मग ती वाट बंद, निदान आज तरी. कुलूप लागलेल्या फायली डिलीट करू नका, रीडमीसकट वेगळ्या डिस्कवर ठेवून द्या. युरोपोल, डच पोलीस वगैरेंनी २०१६ पासून 'नो मोअर रॅन्सम' नावाची साइट चालवली आहे, सापडलेल्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात.
आणि मोबाइलवरून आत्ताच जीमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला. हा किडा बरेचदा पासवर्ड चोरणारा जोडीदार सोबत आणतो. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन.

बोरीकाठ (८:४०)
पासवर्ड बदलतो. पण मला पासवर्ड नकोत ताई, फोटो पाहिजेत. सुरतहून बहीण येणार आहे आखाजीला. आई गेल्यानंतरची तिची पहिली घागर आहे. फ्रेम करायचे फोटो त्यात आहेत, आणि एक व्हिडिओ.

खटपट्या (८:४४)
अरे भो. आधी सांगायचं ना.

शिरपूरची_लेक (८:५०)
व्हिडिओ किती मोठा आहे? एमबी सांगा.

बोरीकाठ (८:५८)
१६२ एमबी. अकरा मिनिटांचा. आई खापरावर मांडे करते आणि बहिणीला कणीक किती सैल पाहिजे ते अहिराणीत समजावते. मोबाइल जुनाच होता, क्लिअर नाही.

शिरपूरची_लेक (९:१५)
मग ऐका. या घराण्याला घाई असते. लवकर उरकावं म्हणून ते फाइलचा फक्त पहिला दीडशे केबीचा तुकडा बिघडवतं, पुढचं तसंच सोडतं. फोटोत तेवढ्यानेच खेळ संपतो, कारण फोटो कसा वाचायचा ती सगळी माहिती सुरुवातीलाच असते. पण १६२ एमबीत दीडशे केबी म्हणजे पोत्यातली मूठ. 'मीडिया रिपेअर' नावाचं मोफत टूल याच कामासाठी केलेलं आहे.
त्याला नमुना लागतो, त्याच मोबाइलने, त्याच सेटिंगवर काढलेला दुसरा धड व्हिडिओ. तो मोबाइल आहे का?

बोरीकाठ (९:२२)
भाच्याला दिलाय, पारोळ्याला. चालतो. शाळा सुटल्यावर जाऊन येतो.

लिनक्सानंद (९:३०)
दादा, एक खरंच कामाचं सांगतो, भाषण नाही. ते विंडोज सुरूच करू नका. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं चालवायचं. त्यातून डी ड्राइव्ह बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. व्हायरस झोपलेला राहील आणि डिस्कला हात लावणार नाही. पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर तयार करायचा.

शिरपूरची_लेक (९:३३)
हे बरोबर आहे. असंच करा.

खटपट्या (९:३५)
सूर्य तापीत बुडाला की काय आज? लिनक्सवाल्याशी कोणीतरी सहमत झालं.

आबा_फ्लॉपीवाले (१०:१०)
फोटोंसाठी कॉम्प्युटरच्या मागे कशाला लागता? नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर बघा. लग्न-बारशात तुम्ही ग्रुपवर टाकलेच असतील. साइज कमी होते, पण आठ बाय दहाची फ्रेम निघून जाते. आमच्या सौभाग्यवतींची तशीच केली.

केळीबाग (११:४५)
मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळीच ना? आमच्याकडे रावेरला पीठ वेगळं भिजवतात. दादांच्या आईने कणीक किती सैल सांगितली ते व्हिडिओ मिळाला तर नक्की लिहा.

बोरीकाठ (गुरुवार, रात्री ८:०५)
झालं.
काल कॉपी केली तशीच, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून. जळगावला मित्राच्या मशीनवर तयार करून आणला. भाच्याच्या मोबाइलमध्ये जुना एक व्हिडिओ होता, पोळ्याच्या बैलांचा. तो नमुना दिला. पहिल्यांदा आवाज आला, चित्र नाही. बैलांचा दुसरा व्हिडिओ दिला, मग दोन्ही आलं.
सुरुवातीला आई 'झालं का रे सुरू?' विचारते. त्यातलं 'झालं' गेलं. 'का रे सुरू' पासून पुढचं सगळं आहे.
फोटो ३१ होते. ९ बहिणीच्या आणि मावशीच्या व्हॉट्सॲपवर सापडले. एकाची फ्रेम टाकली, उद्या सकाळी मिळेल.
केळीबाग, आई म्हणते, हातावर घेतलं की कोपराकडे आपोआप ओघळलं पाहिजे, इतकी सैल.

शिरपूरची_लेक (८:१२)
छान झालं दादा. व्हिडिओच्या दोन कॉपी करा, एक ताईंच्या सोबत सुरतेला जाऊ द्या.

केळीबाग (८:२०)
बरोबर, आमच्याकडेही तेवढीच सैल. पीठ मात्र वस्त्रगाळ पाहिजे, ते सांगायचं राहिलं वाटतं.

खटपट्या (८:२६)
आता तरी फॉरमॅट करता का?

बोरीकाठ (८:३१)
हो. शनिवारी. डी सकट.