'डार्कलिंग': हार्डीने शीर्षक बदललं ते बरोबर केलं का?

कोरांटी
थॉमस हार्डीची 'द डार्कलिंग थ्रश' ही कविता इंग्रजी घेतलेल्या बऱ्याच जणांनी कॉलेजात वाचली असेल. गारठलेलं रान, दिवस मावळतोय, कवी फाटकाला टेकून उभा, आणि वरच्या उघड्या फांद्यांतून एक म्हातारा, हडकुळा थ्रश पक्षी जीव ओतून गायला लागतो. ही कविता २९ डिसेंबर १९०० च्या 'द ग्राफिक'मध्ये आली तेव्हा तिचं नाव होतं 'बाय द सेंच्युरीज डेथबेड', म्हणजे शतकाच्या मृत्युशय्येपाशी. पुढच्या वर्षी संग्रहात घेताना हार्डीने ते बदललं. 'डार्कलिंग' हा शब्द कवितेच्या ३२ ओळींत कुठेही येत नाही, फक्त शीर्षकात आहे.

माझ्या मते बदल अगदी योग्य. डार्कलिंग म्हणजे 'अंधारात', मुळात क्रियाविशेषण. 'पॅरडाइज लॉस्ट'च्या तिसऱ्या सर्गात मिल्टनचा पक्षी डार्कलिंग गातो, आणि ते लिहिणारा मिल्टन स्वतः आंधळा झालेला आहे. १८१९ मध्ये कीट्स नाइटिंगेल ऐकताना म्हणतो, 'डार्कलिंग आय लिसन'. इथे अंधारात ऐकणारा बसलाय. हार्डी त्या दोघांच्या ओळीत आपला मरतुकडा थ्रश आणून बसवतो. केवढी हिंमत आहे ही!

बोरू
असहमत. ज्याने मिल्टन-कीट्स वाचले नाहीत त्याने काय करायचं? शीर्षकालाच शब्दकोश उघडायचा? हार्डीचं बळ त्याच्या रोखठोक, स्वतः घडवलेल्या शब्दांत आहे. तो त्या पक्ष्याच्या पिसांना 'ब्लास्ट-बेरफल्ड' म्हणतो, आणि वाऱ्याने विस्कटलेली ती पिसं लगेच डोळ्यांपुढे येतात. 'डार्कलिंग' म्हटल्यावर मला थ्रश दिसतच नाही, आधी कीट्स दिसतो. जुनं शीर्षक कुणालाही कळलं असतं.

काजवा
बोरू, हा शब्द जन्माने पुस्तकी नाही हो. 'किंग लियर'च्या पहिल्या अंकात विदूषक म्हणतो की चिमणीएवढ्या पक्ष्याने कोकिळेचं पिल्लू पोसलं आणि त्या पिल्लानेच त्याचं डोकं तोडलं. मग मेणबत्ती विझली आणि आपण राहिलो डार्कलिंग. लेकींना राज्य वाटून बसलेल्या राजाला तोंडावर सुनावलेलं वाक्य आहे ते. त्यात नटवेपणा कुठे आहे?

त्यातला 'लिंग' हा जुना क्रियाविशेषणाचा प्रत्यय. पुढे लोकांना तो 'इंग' वाटला आणि त्यातून 'डार्कल', म्हणजे अंधारत जाणं, असं क्रियापद निघालं. 'ग्रोव्हल' हे क्रियापदही असंच, 'ग्रोव्हलिंग'वरून मागाहून आलेलं.

बोरू
विदूषकाच्या तोंडी होता, मान्य. पण त्याला तीनशे वर्षं झाली. मधल्या काळात तो कुणाकडे राहिला बघा: जॉन्सनच्या 'व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस'मध्ये, बायरनच्या 'डार्कनेस'मध्ये, म्हणजे कवींच्याच घरी. आणि १८६७ च्या 'डोव्हर बीच'मध्ये अर्नोल्ड 'डार्कलिंग प्लेन' म्हणतो तिथे ते सरळसरळ मैदानाचं विशेषण झालंय. मग हार्डीच्या वेळेला 'अंधारात' हाच अर्थ धरायचा आग्रह कशाला?

कोरांटी
जुन्या शीर्षकाबद्दल एक सांगते. दुसऱ्या कडव्यात हार्डी समोरच्या भूमीलाच शतकाचं प्रेत म्हणतो. शिवाय संग्रहात कवितेखाली ३१ डिसेंबर १९०० ही तारीख आहे. शतक मेलं हे आत एकदा आणि खाली एकदा सांगून झालंय, मग तेच वर तिसऱ्यांदा का सांगायचं? शीर्षकाची जागा मोकळी झाली आणि त्याने ती पक्ष्याला दिली.

रानवारा
मी पक्षी बघणारा माणूस, कविता कमी वाचतो. थ्रश तिकडे हिवाळ्यातही गातात. मिसल थ्रशला तर 'स्टॉर्मकॉक' म्हणतात, कारण भर वादळी हवेत तो झाडाच्या शेंड्यावरून गातो. पण नाइटिंगेल रात्री गातो तसा थ्रश मिट्ट काळोखात गात नाही, त्याची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. कवितेतही अंधार 'वाढतो' आहे, पडलेला नाही. म्हणजे काजवा ज्याला लोकांची चूक म्हणतात, तोच 'अंधारत जाणारा' अर्थ इथे पक्ष्याला चपखल बसतो.

काजवा
हे पटलं! व्युत्पत्तीत अडकून मी उजेडाकडे बघितलंच नव्हतं.

कोरांटी
मला अर्धंच पटलं. पक्ष्यापुरतं तुमचं खरं, रानवारा. पण कवितेचा शेवट बघा: त्या पक्ष्याला कुठलीतरी मंगल आशा ठाऊक होती आणि मला तिचा पत्ता नव्हता, असं कवी म्हणतो. पूर्ण काळोखात कवीच उभा आहे. शीर्षकातलं विशेषण लागलंय थ्रशला, लागू पडतं फाटकाशी उभ्या माणसाला. दुसरा कुठला शब्द ही दोन्ही कामं करेल, बोरू?

बोरू
तुमचं तिसऱ्यांदा सांगण्याबद्दलचं म्हणणं बिनतोड आहे, जुनं शीर्षक मी सोडतो. 'डार्कलिंग' मात्र अजून गळी उतरत नाही. नुसतं 'द थ्रश' ठेवलं असतं तरी शेवटच्या दोन ओळींनी हे सगळं आपसूक सांगितलं असतं.