शब्दचर्चा : जिनमधल्या 'कॉन्टेक्स्ट'ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न
नव्या मुलांसाठी गो या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या जिन या वेब सर्व्हर लिहायच्या फ्रेमवर्कवर मराठीत टिपणं काढतोय. रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, हँडलर (रिक्वेस्ट हाताळणारं फंक्शन) तसेच ठेवले. 'विनंती-हाताळक' वाचून मुलं हसतात. अडलंय ते कॉन्टेक्स्टपाशी. कोशातला 'संदर्भ' घातला तर वाक्य झालं, 'प्रत्येक हँडलरला संदर्भ मिळतो.' कसला संदर्भ?

प्रतिसाद १
पत्राच्या डोक्यावर 'संदर्भ : आपले दि. अमुकचे पत्र' असतं, तो संदर्भ. तो दुसरीकडे बोट दाखवतो. इथे अख्खा ऐवज आतच असतो : आलेली रिक्वेस्ट, उत्तर लिहायची जागा, यूआरएलमधले पॅरामीटर, शिवाय वाटेत कुणी 'सेट' केलेलं काहीबाही. कचेरीत याला रोकडा शब्द आहे, प्रकरण. आवक क्रमांक पडतो (आपला रिक्वेस्ट आयडी), मग ते टेबलाटेबलांवरून फिरतं. आधी लॉगर (नोंदी ठेवणारा), मग ओळखीचं टोकन तपासणारा, शेवटी साहेब, म्हणजे मुख्य हँडलर. 'नेक्स्ट' म्हणजे 'पुढे सादर'. कोडमध्ये 'नेक्स्ट'खालच्या ओळी चालतात त्या प्रकरण साहेबांकडून परतताना. किती वेळ लागला हे लॉगर तेव्हाच टिपतो.

प्रतिसाद २
पटलं. पण 'अबॉर्ट'ला 'रद्द' म्हणू नका, 'अडवणे' म्हणा. टोकन चुकीचं म्हणून मी ४०१ ('ओळख पटली नाही' हा कोड) देऊन अबॉर्ट केलं आणि रिटर्न लिहायला विसरलो. अबॉर्ट फक्त पुढची टेबलं बंद करतो, चालू फंक्शन थांबवत नाही. खालची ओळ बिनदिक्कत चालली आणि बाहेर हाकललेल्या माणसाची 'शेवटची भेट' डेटाबेसात नोंदली गेली! फाइल अडवणारा कारकूनही खुर्ची सोडून जात नाहीच.

प्रतिसाद ३
हरकत. निकाली निघालेलं प्रकरण दप्तरी राहतं. जिनमध्ये उत्तर गेलं की तोच कॉन्टेक्स्ट पुसून पुढच्या रिक्वेस्टला दिला जातो, म्हणून तर गोरूटीनमध्ये (बाजूला समांतर चालणाऱ्या कामात) न्यायचा असेल तर आधी 'कॉपी' करायची. कागद काढून पुठ्ठा पुन्हा वापरावा तसं. मी 'फाइल' म्हणेन.

मूळ प्रश्नकर्ता
'फाइल' नको, मुलं डिस्कवरची समजतील. 'प्रकरण' घेतो, पुठ्ठ्याची गोष्ट तळटीपेत. पण गोमधलं मूळ कॉन्टेक्स्ट पॅकेज, गो १.७ पासूनचं? त्यात कागद जवळजवळ नसतातच. असते ती मुदत आणि 'थांबा' ही सूचना.

प्रतिसाद १
मग तिथे 'कॉन्टेक्स्ट'च राहू द्या. दोन्हींना एकच नाव ठेवून गो शिकणाऱ्यांना पुरेसा ताप झालेला आहे.