पीजी काउन्सेलिंग: चॉइसचा क्रम, अनामत आणि मधल्या काळातली आरएमओची नोकरी

येऊर
कळव्याहून एमबीबीएस, इंटर्नशिप पूर्ण. नीट पीजीची (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची) रँक हातात आहे, एमसीसीची (केंद्राच्या वैद्यकीय प्रवेश समितीची) पहिली फेरी सुरू होतेय. मेडिसिन हवंय, नाहीतर पेडियाट्रिक्स. प्रवर्ग ओबीसी. नको असलेली सीट पहिल्या फेरीतच लागली तर अडकायला होतं का? थांबायच्या दिवसांत आरएमओ (हॉस्पिटलातला निवासी डॉक्टर) म्हणून लागावं का?

पारसिक
पहिल्या फेरीत अडकत नाही. मिळालेल्या जागेवर रुजू झाला नाहीत तरी अनामत जात नाही आणि दुसऱ्या फेरीत भाग घेता येतो. दुसऱ्या फेरीत मात्र जागा लागूनही गेला नाहीत तर अनामत जप्त.

चॉइसचा, म्हणजे कॉलेज आणि विषयांच्या पसंतीचा, क्रम निव्वळ आवडीचा लावा. 'या रँकला मिळणार नाही' म्हणून वरचे पर्याय गाळू नका. संगणक रँकप्रमाणे एकेकाची यादी वरून खाली वाचतो आणि पहिली रिकामी जागा देतो, त्यामुळे वर अशक्य कॉलेज ठेवल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. नुकसान उलट बाजूने होतं: 'सुरक्षित' म्हणून पेडियाट्रिक्स मेडिसिनच्या वर टाकलं, तर मेडिसिन रिकामं असूनही पेडियाट्रिक्सच हातात येतं. जिथे खरोखर जाणार नाही, ते कॉलेज यादीत नकोच.

सरकारी कॉलेजांच्या ५० टक्के जागा (अखिल भारतीय कोटा), डीम्डच्या (अभिमत विद्यापीठांच्या) सगळ्या आणि डीएनबी (एमडी-एमएसच्या तोडीचा पीजी अभ्यासक्रम) एमसीसीकडे असतात. म्हणून नेरुळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम तिथे दिसेल, पण नेरुळचंच तेरणा सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश यंत्रणेच्या) यादीत. अखिल भारतीय कोट्याची अनामत खुल्या प्रवर्गाला २५,००० आणि राखीवला १०,०००, डीम्डला सरसकट २ लाख. परतावा ज्या खात्यातून पैसे गेले त्यातच येतो, तेव्हा मित्राचं किंवा सायबर कॅफेवाल्याचं कार्ड वापरू नका.

पामबीच
ओबीसी असाल तर खरी अडचण कागदांत आहे. एमसीसीला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो. राज्याचा नॉन-क्रीमीलेयर तिथे चालत नाही. शिवाय जात केंद्राच्या यादीत हवी, ती यादी राज्याच्या यादीशी तंतोतंत जुळत नाही. सीईटी सेलला याउलट जात वैधता प्रमाणपत्र आणि मुदतीतला नॉन-क्रीमीलेयर. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, तारीख आजच बघा. तहसील कार्यालयात ऐन गर्दीत दाखला वेळेत मिळेलच असं नाही. दहावीचं प्रमाणपत्र, एमबीबीएसच्या गुणपत्रिका आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी यांतलं नाव अक्षरन्अक्षर जुळतंय का, तेही ताडून घ्या.

आरएमओसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी आधी करा. तात्पुरती नोंदणी इंटर्नशिपपुरतीच असते, त्यावर ड्युटी करणं बेकायदा आहे. नेमणूकपत्रातला नोटिसीचा काळ नीट वाचा. एक महिना लिहिला असेल तर सही करण्याआधी तो आठवड्यावर आणून लेखी घ्या, कारण जागा लागल्यावर रुजू व्हायला थोडेच दिवस असतात. मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलकडे ठेवायला अजिबात देऊ नका. साक्षांकित प्रती द्या.

येऊर
खूप आभार, दाखल्याचं माहीतच नव्हतं. पहिल्या फेरीत पेडियाट्रिक्स लागलं, रुजू झालो आणि अपग्रेडला (पुढच्या फेरीत वरची जागा मिळवायला) 'हो' म्हटलं, तर?

पारसिक
मग दुसऱ्या फेरीत वरचं काही लागलं की जुनी जागा त्याच क्षणी रद्द होते, परत मागता येत नाही. म्हणून त्या फेरीत हातातल्या जागेपेक्षा खरोखर चांगले वाटतात तेवढेच चॉइस भरा. तुमच्या बाबतीत फक्त मेडिसिन, तेही जिथे तीन वर्षं काढायची तयारी आहे अशाच कॉलेजांचं. काहीच नाही लागलं तर पेडियाट्रिक्स तसंच राहतं. आणि यादी स्वतः लॉक करून प्रिंट काढा. मुदत संपली की अर्धवट असली तरी तीच आपोआप लॉक होते.