पेंटबॉल मार्करमध्येच फुटतायत, हॉपर बदलू का? (बजेट ५ हजार)

भोरचा_बंड्या
नमस्कार मंडळी. भोरजवळ शेतावर पेंटबॉलचं छोटं मैदान चालवतो. पाच मेकॅनिकल मार्कर (गोळ्या मारायच्या बंदुका) आहेत, सगळ्यांवर साधे हॉपर, म्हणजे वर बसवलेले गोळ्यांचे डबे; रंगाच्या गोळ्या वजनाने खाली उतरतात तेवढंच. जूनपासून दर डावात दोन-तीन मार्कर आतून रंगाने बरबटतात, ग्रुप खोळंबतो, लोक पैसे परत मागतात. बॅटरीचा हॉपर घेऊ का? पाच हजारांत बसेल ते सुचवा.

जर्सीकर
हॉपर सोडा, सरळ इलेक्ट्रॉनिक मार्कर घ्या. ब्रीचमध्ये, म्हणजे गोळी येऊन बसते तिथे, इन्फ्रारेडचा डोळा असतो, गोळी नीट बसल्याशिवाय तिला पुढे ढकलणारा बोल्ट सुटतच नाही. मी सहा वर्षं वापरतोय, एक गोळी कापली गेली नाही. इथे महिन्याला दोन हजार गोळ्यांचा अख्खा खोका संपवतो.

भोरचा_बंड्या
दादा, पाच हजार. पाचही मार्करचे मिळून.

सुरंगी
पावसाळ्यात हे होणारच! कवच जिलेटिनचं असतं, दमट हवेत पाणी ओढून फुगतं आणि मऊ पडतं. गोळी ०.६८ कॅलिबरची, म्हणजे सव्वासतरा मिलिमीटर, जरा फुगली तरी अडकते. बॅरल काढून हातात घ्या, एक गोळी टाका. आपोआप घरंगळली तर सैल, फुंकर मारून निघाली तर बरोबर, फुंकूनही हलली नाही तर फुगलेली. आमच्या अलिबागला मी पिशव्या हवाबंद डब्यातच ठेवते.

सातारी_तडका
फ्रिजमध्ये ठेवा. मी तेच करतो.

सुरंगी
कृपा करून नको! गारठ्याने कवच ठिसूळ होतं, बाहेर काढलं की वर पाणी धरतं.

सातारी_तडका
माझ्या आजवर फुटल्या नाहीत. ज्याचा त्याचा अनुभव.

लेथवाले_काका
अरे बंड्या, आधी रंग कुठे सांडलाय ते बघ. नुसता बॅरलमध्ये असेल तर गोळी खराब किंवा बॅरल घाण. बोल्टच्या तोंडावर आणि हॉपरच्या गळ्यात असेल, तर गोळी अर्धवट उतरली असतानाच बोल्टने कापली. मग गोळी जागेवर अडवून धरणारा बॉल लॅच तपास. पुतण्याच्या मार्करमध्ये तोच झिजला होता. एवढासा रबराचा तुकडा, पण तो गेला की पहिली गोळी पुढे घरंगळते, मागून दुसरी शिरते आणि बोल्ट दोघींचा चेंदा करतो. हॉपर आणि गॅसची टाकी उतरव, बॅरल काढ, मग लॅच बोटाने दाबून बघ. परत वर यायला हवा. हॉपरवर पैसे घालू नकोस.

जर्सीकर
मी तेच सांगतोय, डोळा हवा.

मुळशी_मुक्काम
लॅचला +१. आणि जमिनीवर पडलेल्या गोळ्या पोरं उचलून परत भरतात, ते आधी बंद करा. एक मातकट गोळी माझी अख्खी दुपार खाऊन गेली.

सातारी_तडका
लॅच बदला आणि फ्रिज.

भोरचा_बंड्या
काका, पाचही उघडले. दोघांचे लॅच खरंच गेले होते, बदलले. तिघांचे ठणठणीत, तरी बोल्टच्या तोंडावर रंग. आलेले लोक ट्रिगर सटासट ओढतात, साध्या हॉपरमधून गोळ्या तेवढ्या वेगाने उतरत नाहीत. सगळ्यांना समजावत बसणं मला जमणार नाही. म्हणून तुमचं न ऐकता दोन वापरलेले बॅटरीचे हॉपर घेतले, साडेचार हजारांत. आतली पाती गोळ्या ढवळत राहते, त्या गळ्यात अडकत नाहीत. तिसरा मार्कर माझ्या हातात ठेवणार. गोळ्यांचा डबा शेडमधून घरातल्या कपाटात हलवलाय. रविवारी आठ जणांचा ग्रुप आहे.