चढाला ऑइलचा लाल दिवा लागतो, उताराला विझतो. इंजिन गेलं का?

मास्तर_पाटण

नमस्कार मंडळी. गाडी 2008 ची पेट्रोल हॅचबॅक, 1 लाख 34 हजार किलोमीटर झालेली, पहिला मालक मीच.

गेल्या रविवारी चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाटात दुसऱ्या गिअरवर चढत होतो आणि ऑइलचा दिवा लागला. तो लाल, शिलाई मशीनच्या तेलाच्या कुपीसारखं चित्र असलेला. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की विझायचा, दाबला की परत लागायचा. बायको म्हणाली थांबा, मी म्हणालो हे वळण जाऊ दे. वळण गेल्यावर बाजूला घेऊन डिपस्टिक काढली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली! पोटात गोळाच आला. तसाच हळूहळू हेळवाकपर्यंत आलो, सपाटीवर गाडी दहा मिनिटं बंद ठेवली, परत पाहिलं, तर तेल दोन्ही खुणांच्या बरोबर मधे.

गावातल्या मेकॅनिकने बॉनेटवर कान ठेवल्यासारखं केलं आणि सांगितलं, "बेअरिंगं गेलीत मास्तर, इंजिन उघडावं लागणार. तीस हजार धरून चाला." गाडी विकली तरी लाख येतील की नाही शंका आहे, त्यात हे तीस.

मला खटकतंय ते असं की घरासमोर गाडी अर्धा तास चालू ठेवली, रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला, पण आयडलला, म्हणजे रेस न देता, दिवा एकदाही लागला नाही. इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच. महिन्यापूर्वी क्लच प्लेट बदलली, त्याशिवाय गाडीला कुणी हात लावलेला नाही. दिवा खरं बोलतोय की थापा मारतोय, हे घरच्या घरी ठरवता येईल का? शाळेतला मल्टिमीटर आणून ठेवलाय.

डेपोकाका

मास्तर, आधी शिव्या खा. ऑइलचा लाल दिवा लागल्यावर "वळण जाऊ दे" नसतं. पेट्रोलचा पिवळा दिवा वेगळा, त्यावर आपण पंप शोधत जातो. हा लाल म्हणजे गाडी बाजूला आणि चावी बंद. आणि तिथून हेळवाकपर्यंत चालवत आलात, हे तर मी वाचलंच नाही असं समजतो. हा दिवा तेलाच्या प्रेशरचा, खरंच प्रेशर नसतं तर दोन-चार मिनिटांत बेअरिंगचा चुरा झाला असता.

डिपस्टिक चढावर कधी बघायची नाही. चेंबरमधलं तेल एका अंगाला जातं, काठी भलतंच दाखवते.

आता मुद्द्याचं. तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन हळू फिरलं की प्रेशर कमी, जोरात फिरलं की जास्त. बेअरिंगं झिजली असली तर दिवा कधी लागेल? गाडी तापल्यावर, सिग्नलला आयडलवर, तेल पातळ झालेलं असताना. आणि रेस दिली की विझेल. तुमचं बरोबर उलटं आहे. आयडलला गप्प आणि रेसला पेटतोय. एसटीच्या वर्कशॉपात 31 वर्षं काढली, झिजलेलं इंजिन असं वागताना पाहिलेलं नाही. एकच शंका उरते. तेल कमी असेल तर खड्या चढावर पंपाची जाळी उघडी पडून हवा ओढते. पण तुमचं तेल दोन्ही खुणांच्या मधे आहे, म्हणजे तेही नाही.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, गेज लावून घ्या. ऑइल प्रेशर स्विच काढायचा, त्याच भोकात मेकॅनिकल गेज बसवायचा. इंजिन पुरतं तापल्यावर आयडलला एक किलोच्या (चौरस सेंटिमीटरवर) आसपास आणि अडीच हजार आरपीएमला अडीच-तीन किलो दाखवलं की निवांत झोपा. तो स्विच साधारण अर्ध्या किलोच्या आतबाहेर काम करतो. आयडलला एक किलो असेल तर दिवा लागायचं कारणच नाही.

सुसाट_सोलापूर

एवढं कशाला? 20डब्ल्यू-50 चं जाड तेल टाका, दिवा गायब. माझ्या जुन्या गाडीला तेच केलं. नाहीच गेला तर स्विचची वायर काढून टेप मारा.

डेपोकाका

@सुसाट ताप आला म्हणून थर्मामीटर फोडायचा, त्यातला प्रकार. जाड तेलाने दिवा विझतो, झीज तिथेच राहते, वर सकाळी थंड इंजिनात तेल वर चढायला वेळ लागतो तो वेगळा. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच तेल घाला. वायर काढून गाडी चालवायचा सल्ला तर कुणाला देऊच नका.

वायरिंगवाली_चिंचवड

मास्तर, मी ऑटो इलेक्ट्रिकलचंच काम करते. काकांचं पटतंय, त्यात माझी भर.

तुमच्या वयाच्या बहुतेक गाड्यांत हे सर्किट अगदी बाळबोध असतं. दिव्याला एका बाजूने चावीतून करंट, दुसऱ्या बाजूने एकच वायर खाली स्विचपर्यंत. प्रेशर नसताना स्विच ती वायर इंजिनाच्या बॉडीला, म्हणजे अर्थला जोडतो, म्हणून नुसती चावी दिली की दिवा लागतो. इंजिन चालू झालं की प्रेशरने आतला पडदा ढकलला जातो, जोड सुटतो, दिवा विझतो. म्हणजे वाटेत कुठेही ती वायर सोलवटून पत्र्याला टेकली तरी दिवा लागणारच. दिव्याला बिचाऱ्याला काय कळतंय, प्रेशर गेलंय की वायर टेकलीय!

म्हणून: इंजिन बंद, चावी ऑन. स्विचवरची वायरची टोपी ओढून काढा. दिवा विझला पाहिजे. तेच टोक इंजिनाच्या धातूला टेकवा, लागला पाहिजे. टोपीच्या आत तेल दिसतंय का तेही बघा. हे स्विच जुने झाले की प्लास्टिकमधून पाझरतात आणि मग काहीही करतात.

आता खरी गंमत. तुमचा दिवा लोडवर लागतो. लोड आला की आडवं बसवलेलं इंजिन माउंटिंगवर, म्हणजे ज्या रबरी बैठकीवर ते बसतं तिच्यावर, मागे कलतं. क्लचच्या कामात वायरिंग बाजूला करावं लागतं आणि क्लिपा परत लावायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. मला तिथेच संशय आहे. टोपी काढून टेप मारा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, डावा पाय क्लचवर, उजवा फूटब्रेकवर, आणि पहिल्या गिअरमध्ये अगदी थोडा क्लच सोडा. गाडी बंद पडायच्या आत परत दाबा. तेवढ्यात इंजिन डोलेल. स्विच सुटा असूनही दिवा लुकलुकला, तर चोर वायरच. एक-दोनदाच करा, आणि गाडीच्या पुढे कुणी उभं राहू देऊ नका.

मास्तर_पाटण

ताई, काका, हात जोडले.

शनिवारी कराडला गेज लावून घेतला. गरम इंजिन, आयडलला 1.2 किलो, अडीच हजारला 3 ला टेकलेला काटा. तो काटा बघून जे वाटलं ते दहावीच्या निकालाला वाटलं नव्हतं. स्विच 260 रुपयांना मिळत होता म्हणून नवाच टाकला. आणि परत येताना साकुर्डीच्या पुढे पुलाच्या चढाला दिवा लागला!

मग आज सकाळी ताईंची परीक्षा घेतली. मी आत, मुलगा बाजूला उभा राहून बॉनेटखाली बघतोय. टोपी काढलेली, टेप मारलेली. क्लच जरासा सोडला, इंजिन असं काही मागे झुकलं की मुलगा ओरडला, "बाबा, ते उठतंय!" आणि डॅशबोर्डवर कुपी पेटली. रिव्हर्समध्ये केलं तर इंजिन पुढे झुकलं, दिवा नाही.

मोबाइलचा टॉर्च घेऊन फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, बाजूला हात घातला. पत्र्याला वेल्ड केलेली एक पट्टी आहे, तिच्या धारेवर वायर लोंबत होती. पिवळ्या वायरवर नखाएवढी चीर, आत तांबं चकाकतंय, आणि पट्टीवर तेवढ्याच जागी रंग उडालेला. वितभर वर क्लिपेचं रिकामं भोक. मागच्या माउंटिंगचं रबर फाटून दोन भाग झालेले, म्हणून इंजिन एवढं झुकत होतं.

वायर कापून सोल्डर केली, स्लीव्ह चढवली, वरून नालीदार पाइप घातला आणि टायने मूळच्या जागी बांधली. माउंटिंग 1,450 ला पडलं, मजुरी वेगळी. गिअर टाकताना जो धक्का बसायचा तो मी वर्षभर नव्या क्लचच्या खात्यावर मांडणार होतो, तोही गेला.

बावीस वर्षं सातवीला विद्युत परिपथ शिकवतोय. बॅटरी, बल्ब, कळ. फळ्यावर शेकडो वेळा काढलेली आकृती डॅशबोर्डवर समोर पेटली आणि मी तीस हजार कुठून आणायचे याचा विचार करत बसलो.

डेपोकाका

झकास. एकच राहिलं. गेज काढून नवा स्विच बसवलात तिथे गाडी तापल्यावर बोट फिरवून बघा, तेल झिरपतंय का. झिरपत असलं तरी जोर लावून आवळू नका, तिथले आटे नाजूक असतात. काढून, पुसून, सीलंट लावून परत बसवा.

मास्तर_पाटण

आत्ताच कोयनानगरपर्यंत जाऊन आलो. बोट फिरवलं, कोरडं आहे. भाजलं मात्र.