मिश्र आम्लाची नॉर्मॅलिटी ०.३२ की ०.४४?

प्रश्न: नॉर्मॅलिटी, म्हणजे एका लिटरमागे आम्ल किती मोल प्रोटॉन देऊ शकतं ते, काढायची होती. २०० मिली ०.५ मोलर (लिटरला ०.५ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लात ३०० मिली ०.२ मोलर सल्फ्युरिक आम्ल मिसळलं. मोलांची बेरीज ५०० मिलीने भागली तर ०.३२ येतं. पण १० मिली मिश्रणाला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड चक्क ४४ मिली लागलं! फिनॉल्फ्थॅलीनचा (आम्ल संपल्याचं रंगाने दाखवणाऱ्या दर्शकाचा) फिका गुलाबी रंग तिन्ही वेळा तिथेच आला. चुकतंय कुठे?

उत्तर १: टायट्रेशन (सोडियम हायड्रॉक्साइड टाकून केलेलं हे मोजमाप) अगदी बरोबर आहे. सल्फ्युरिकचा एक रेणू दोन प्रोटॉन देतो, म्हणून त्याचे ०.०६ मोल ०.१२ धरा. त्यात हायड्रोक्लोरिकचे ०.१ मिळवा, ०.५ लिटरने भागा. ०.४४ नॉर्मल.

उत्तर २: मात्र या आकड्यावरून पीएच काढू नका हं. सल्फ्युरिकचा दुसरा प्रोटॉन नुसत्या पाण्यात पूर्ण सुटत नाही, सोडियम हायड्रॉक्साइडसारखी आम्लारी टाकत गेलं की सुटतो.

प्रश्नकर्ता: पटलं! दुप्पट करायचंच राहिलं होतं.